न दिसणारा ग्रह वर्गात आणताना

बाह्यग्रहांवर तास घ्यायचा ठरला की आपण शिक्षक मंडळी बहुधा आधी चित्र शोधतो. पडद्यावर निळसर गोळा येतो, मागे लालभडक तारा, कडेला दोन चंद्र. मुलं खूश होतात. मीही कित्येक वर्षं हेच केलं. मग एकदा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, हा फोटो काढायला कोण गेलं होतं?" कोणीच गेलं नव्हतं. ते चित्रकाराचं काम होतं. शास्त्रज्ञांकडे त्या ग्रहाचा पुरावा म्हणून होता तो एका आलेखातला उथळ खड्डा, आणि तो खड्डा मी वर्गात दाखवलाच नव्हता.

तेव्हापासून मी क्रम उलटा केला. पहिल्या दोन तासांत ग्रहाचं एकही चित्र दाखवायचं नाही. आधी दिवा, मग आलेख, मग हिशेब. चित्र सगळ्यांत शेवटी, आणि तेही संशयानं बघायचं. सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ६ हजारांहून जास्त ग्रहांची आजवर खात्री पटली आहे, पण त्यांतले प्रत्यक्ष प्रतिमेत दिसलेले फारच थोडे. बाकीचे जवळजवळ सगळे त्यांच्या ताऱ्याच्या वागणुकीवरून ओळखले गेले. मुलांनी शिकायची गोष्ट ही आहे. ग्रहांची नावं पाठ करून काही साधत नाही.

आठवी ते दहावीच्या वर्गांवर मी जे करून पाहिलं, ते पुढे देतो.

दिवा, गोळा आणि मोबाइल

सामान साधं आहे. ९ वॉटचा एलईडी बल्ब, त्यावर साधारण १२ सेंटिमीटरचा गोल दुधी ग्लोब, ४ सेंटिमीटर व्यासाचा थर्मोकोलचा गोळा, जाड तार आणि शाळेच्या प्रकल्पांसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते ती १० आरपीएमची गिअर मोटर. त्याहून मंद मिळाली तर उत्तम. बल्ब वरून टांगा, मोटर बरोबर त्याखाली ठेवा. मोटरच्या दांड्याला तार बांधून ती आडवी १२ सेंटिमीटर न्या, मग वर वळवा आणि टोकाला गोळा खोचा. गोळा काळ्या रंगानं रंगवा. मोटर सुरू केली की गोळा दिव्याभोवती ग्लोबच्या मध्याच्या उंचीवर फिरला पाहिजे. पहिल्या खेपेला तो ग्लोबला धडकतो. धडकू द्या, तार वाकवायचं काम मुलांवर सोडा.

दिव्यापासून एक मीटरवर त्याच उंचीला अँड्रॉइड मोबाइल उभा करा. त्यात फायफॉक्स हे जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठानं बनवलेलं मोफत अ‍ॅप घ्या आणि त्यातला प्रकाशाचा प्रयोग उघडा. फोनचा प्रकाशसंवेदक बहुधा पुढच्या बाजूला वर, सेल्फी कॅमेऱ्याजवळ असतो, तो दिव्याकडे हवा. आयफोनवर हे जमत नाही, तेव्हा वर्गात कोणाकडे साधा अँड्रॉइड आहे ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आलेखाची रेघ सारखी थरथरत असेल तर तो विजेच्या प्रवाहाचा दोष आहे, बॅटरीवरचा दिवा वापरून बघा. खोलीत अंधार करा.

आता महत्त्वाचं. दिवा आणि फोन यांच्या मधोमध एक पांढरा पडदा असा लावा की वर्गाला दिवा, गोळा, मोटर यांतलं काहीही दिसणार नाही, आणि पडद्यातून फक्त फोनपुरती खिडकी ठेवा. वर्गासमोर असेल तो फक्त आलेख. सरळ रेघ, मग खड्डा, पुन्हा सरळ रेघ, पुन्हा खड्डा. मुलांना विचारा, "पडद्यामागे काय आहे?"

इथे घाई करू नका, चांगली पंधरा मिनिटं द्या. कोणी म्हणेल दिवा लुकलुकतोय, कोणी म्हणेल तुम्ही हात फिरवताय, कोणी म्हणेल मागे पंखा आहे. प्रत्येकाला एकच प्रश्न परत टाका: तसं असतं तर आलेख कसा दिसला असता? पंख्याला तीन पाती असतात, मग खड्डे किती वेळानं पडतील? हात फिरवला तर खड्डे इतके सारख्या अंतरानं पडतील का? साधारण चौथ्या-पाचव्या प्रश्नाला वर्ग स्वतःच सांगतो की काहीतरी गोल एका ठरावीक वेगानं दिव्याभोवती फिरतंय. तेव्हाच फळ्यावर शब्द लिहा: अधिक्रमण. शुक्र सूर्याच्या बिंबावरून जातो त्यालाही आपण हाच शब्द वापरतो. ८ जून २००४ ला ते दृश्य भारतभर दिसलं होतं, तुमच्यापैकी अनेकांनी काळ्या चष्म्यातून पाहिलं असेल. तेव्हा सूर्याचा जेमतेम हजारावा भाग प्रकाश अडला होता.

पुढचा टप्पा हिशेबाचा. ग्लोब १२ सेंटिमीटर, गोळा ४. व्यास एक-तृतीयांश, म्हणून क्षेत्रफळ एक-नवमांश, म्हणून प्रकाश ११ टक्क्यांनी कमी व्हायला हवा. मुलं आलेखावरून मोजतात आणि उत्तर येतं १४ च्या आसपास. वर्गात गोंधळ होतो. हा गोंधळ मला फार आवडतो, कारण चूक कोणाचीच नाही. गोळा फिरत फिरत समोर येतो तेव्हा तो फोनला ग्लोबपेक्षा १२ सेंटिमीटर जवळ असतो आणि म्हणून मोठा भासतो. फोन आणखी लांब नेला तर आकडा ११ कडे सरकतो. खऱ्या ताऱ्यांच्या बाबतीत आपण इतके दूर असतो की ही अडचण उरतच नाही. उलट खोलीच्या पांढऱ्या भिंतींवरून परतलेला उजेड फोनवर पडत असेल तर खड्डा उथळ दिसतो. हे मात्र खऱ्या आकाशातही होतं. ताऱ्याशेजारी दुसऱ्या ताऱ्याचा उजेड मिसळला की ग्रह आहे त्यापेक्षा लहान वाटतो.

मग गोळे बदला. काबुली चणा, बोर, सुपारी, काय हाताशी असेल ते. मुलांना लवकरच कळतं की फोन १ टक्क्याच्या आसपास हात टेकतो. आता सांगा की गुरूचा व्यास सूर्याच्या साधारण एक-दशांश, म्हणजे गुरूमुळे पडणारा खड्डा १ टक्का. पृथ्वीचा व्यास सूर्याच्या १०९ वा भाग, म्हणजे खड्डा १ टक्क्याच्याही शंभराव्या भागापेक्षा लहान. तुमच्या खिशातला फोन गुरूपर्यंत कसाबसा पोचतो. पृथ्वीएवढा ग्रह पकडायला वातावरणाबाहेर जावं लागलं. नासाची केप्लर दुर्बीण २००९ साली त्यासाठीच सोडली होती.

खसखस आणि देशाची लांबी

प्रमाणाची जाण इथेच देऊन टाकावी, वेगळा तास नको. ११ सेंटिमीटरचा चेंडू सूर्य धरा. गुरू म्हणजे काबुली चणा आणि पृथ्वी म्हणजे खसखशीचा दाणा. तो दाणा चेंडूपासून सुमारे १२ मीटरवर ठेवायचा, चणा ६१ मीटरवर. मैदानावर मुलांना चालत जाऊन ठेवू द्या. मग विचारा, सूर्याच्या सर्वांत जवळचा दुसरा तारा याच मापानं कुठे येईल? कोणी गावाच्या वेशीवर म्हणतं, कोणी तालुक्याच्या गावी. उत्तर सुमारे ३,१७० किलोमीटर आहे. भूगोलाच्या पुस्तकात भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर दिलेली असते, जवळपास तेवढंच. देशाच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाच्या दिव्याशेजारची खसखस शोधायची आहे, एवढं कळलं की "दुर्बिणीतून सरळ बघत का नाहीत?" हा प्रश्न मुलं पुन्हा विचारत नाहीत.

आणखी एक अडचण त्यांनाच शोधू द्या. मोटर पुरेशी तिरपी करा, म्हणजे गोळा ग्लोबच्या वरून आणि खालून जाईल. ग्रह फिरतोच आहे, पण आलेखात खड्डा नाही. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या अंतरावर फिरणाऱ्या ग्रहाची कक्षा आपल्या नजरेच्या रेषेत नेमकी येण्याची शक्यता २०० मध्ये १ इतकीच असते. केप्लरनं एकाच वेळी दीड लाखाच्या आसपास ताऱ्यांवर नजर का ठेवली, ते यावरून आपोआप सुटतं.

फुगडी

दुसरी रीत ताऱ्याच्या डोलण्याची. इथे मी दोन मुलींना पुढे बोलावतो, एक अंगानं दणकट, एक किरकोळ, आणि फुगडी घालायला सांगतो. बाकीच्यांनी पायांकडे बघायचं. किरकोळ मुलगी मोठं वर्तुळ घेते, दणकट मुलगी लहान वर्तुळात फिरते, पण जागची हलत नाही असं होत नाही. दोघी ज्या बिंदूभोवती फिरतात तो दणकट मुलीच्या जवळ असतो, तिच्या आत नसतो. (कोणाच्या अंगकाठीवरून वर्गात चेष्टा होईल असं वाटलं तर हे काम शिक्षकानं आणि विद्यार्थ्यानं करावं. मी हल्ली तेच करतो.) सूर्य आणि गुरूचीही फुगडीच चालू आहे. गुरूपेक्षा सूर्य हजारपट जड, तरी दोघांचा सामाईक मध्य सूर्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर पडतो.

ग्रह दिसत नसला तरी तारा डोलतो. पण ते डोलणं दिसायचं कसं? दहावीच्या वर्गाला डॉप्लर परिणाम सांगावा लागतो, आणि तो फळ्यावर सांगू नये. मैदानावर चला.

९ व्होल्टची बॅटरी आणि छोटा बझर जोडून, चिकटपट्टीनं नीट बांधून जाड मोज्यात घाला. मोज्याला मजबूत दोरी बांधा आणि हातापासून मोज्यापर्यंत एक मीटर अंतर राहील अशी धरून गोफणीसारखी डोक्यावर फिरवा. हे काम शिक्षकानंच करावं. दोरीची गाठ दोनदा तपासा, मुलांना निदान दहा मीटर लांब उभं करा. सेकंदाला दोन फेरे पडले की मोज्याचा वेग सेकंदाला साधारण साडेबारा मीटर होतो. मुलांना आवाज चढताना आणि उतरताना स्पष्ट ऐकू येतो, कारण मोजा कधी त्यांच्याकडे येतो, कधी लांब जातो. चढ-उताराचा एकूण फरक ७ टक्क्यांच्या आसपास असतो, पेटीवरच्या सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराहून थोडा जास्तच. वर्गात गाणारं कोणी असेल तर त्याला विचारा, तो लगेच सांगेल. दोन मुलांना शाळेच्या गच्चीवरून, शक्य तितकं वरून ऐकायला लावा. त्यांना चढ-उतार कमी जाणवतो आणि बरोबर डोक्यावर गेलं तर जाणवतच नाही, कारण तिथून मोजा जवळही येत नाही की लांबही जात नाही. फिरवणाऱ्यालाही तो एकसुरीच ऐकू येतो. कक्षा कशी कललेली आहे हे माहीत नसेल तर डोलण्यावरून ग्रहाचं निदान किती वस्तुमान असेल एवढंच सांगता येतं, नेमकं किती ते नाही. हा अवघड मुद्दा गच्चीवरची दोन मुलं खाली येऊन वर्गाला समजावतात.

आता या प्रयोगातली माझी सर्वांत आवडती गोष्ट. गुरूच्या ओढीमुळे सूर्य ज्या वेगानं मागेपुढे होतो, तो वेग सेकंदाला सुमारे साडेबारा मीटरच आहे. तुमच्या हातातल्या मोज्याइतका! सूर्याला फेरी पूर्ण करायला जवळपास १२ वर्षं लागतात, एवढाच फरक. मग मुलांना विचारा, बझर कानांनी कळला, तर सूर्याचं का कळू नये? हिशेब करू द्या. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास, त्यात साडेबाराचा वाटा साडेतीन टक्क्यांहून थोडा जास्त. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३० कोटी मीटर, त्यात साडेबाराचा वाटा दहा कोटींत चार भाग. ताऱ्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा एवढ्याशा सरकतात, कधी तांबड्याकडे, कधी निळ्याकडे. पृथ्वीचा वाटा तर आणखी लहान आहे. पृथ्वीमुळे सूर्य सेकंदाला फक्त ९ सेंटिमीटर वेगानं डोलतो, रांगणाऱ्या बाळापेक्षाही मंद.

म्हणूनच सुरुवातीला सापडले ते जड आणि ताऱ्याला चिकटून फिरणारे ग्रह. १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए क्वेलो यांनी फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेतून ५१ पेगासी या ताऱ्याचं डोलणं मोजलं. वेग सेकंदाला ५० मीटरहून जास्त, म्हणजे तासाला सुमारे २०० किलोमीटर, वंदे भारत गाडीच्या कमाल वेगापेक्षा अधिक. फेरी फक्त ४.२३ दिवसांची. गुरूच्या निम्म्या वजनाचा ग्रह ताऱ्याच्या इतक्या जवळ असेल अशी बहुतेकांची अपेक्षाच नव्हती. त्या दोघांना २०१९ चं नोबेल मिळालं. एक दुरुस्ती मात्र वर्गात जरूर करा. "हा पहिला बाह्यग्रह" असं सरसकट सांगू नका. तो सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला. त्याआधी १९९२ मध्ये वोल्श्चान आणि फ्रेल यांनी एका स्पंदकाभोवती, म्हणजे मेलेल्या ताऱ्याच्या गाभ्याभोवती, ग्रह शोधले होते.

वहीतला हिशेब

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे आणि त्यात केप्लरचे नियम आहेत. परीक्षेपुरते पाठ होतात आणि विसरले जातात. त्यांना इथे काम द्या. तारा सूर्याएवढा धरला, कालावधी वर्षांत आणि अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या मापात घेतलं, की अंतराचा घन बरोबर कालावधीचा वर्ग. ४.२३ दिवस म्हणजे ०.०११६ वर्षं. त्याचा वर्ग ०.०००१३४. घनमूळ ०.०५१. म्हणजे सुमारे ७७ लाख किलोमीटर. बुध सूर्यापासून सरासरी ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर असतो. एवढं लिहून झालं की वर्गात आपसूक कुजबुज सुरू होते, "मग तो किती तापत असेल?"

दोन्ही रीती एकत्र आल्या की काय मिळतं यासाठी आपल्याकडचं उदाहरण घ्या. २०१८ साली अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीवर बसवलेल्या पारस या उपकरणानं एका ताऱ्याचं डोलणं मोजलं. त्याच्या प्रकाशातला खड्डा केप्लर दुर्बिणीनं आधी नोंदवला होता. खड्ड्यावरून त्रिज्या निघाली पृथ्वीच्या सुमारे ६ पट, डोलण्यावरून वस्तुमान सुमारे २७ पट. मुलांना घनता काढायला सांगा. सहाचा घन २१६, २७ भागिले २१६ म्हणजे एक-अष्टमांश. पृथ्वीची घनता पाण्याच्या साडेपाचपट, तिचा आठवा भाग पाण्यापेक्षाही कमी. म्हणजे तिथे पाय ठेवायला जमीन आहे का? हा प्रश्न वर्गानं स्वतः विचारायला हवा, आणि विचारतोही.

इतर रीती थोडक्यात आटपा. ताऱ्याचा उजेड झाकून ग्रहाची थेट प्रतिमा घेता येते, पण ती मुख्यतः तरुण, अजून गरम असलेल्या आणि ताऱ्यापासून लांब फिरणाऱ्या मोठ्या ग्रहांची. एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे ग्रह असे २००८ पासून दिसले. गुरुत्वीय भिंगाची रीत शाळेत नावापुरती सांगितली तरी पुरे.

चुका शिकवा

यासाठी अख्खा एक तास राखून ठेवा. तो गाळला तर बाकीचं सगळं जादूचे प्रयोग होऊन बसतं.

मी पुण्यापासून सुरुवात करतो. मुंबई इलाख्यातला एक लष्करी इंजिनिअर, कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब, यानं १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली आणि जोडताऱ्यांची मोजमापं केली. पुढे तो मद्रास वेधशाळेचा प्रमुख झाला. १८५५ मध्ये त्यानं जाहीर केलं की भुजंगधारी तारकासमूहातल्या ७० ऑफियुकी या जोडताऱ्याच्या कक्षेत विसंगती आहे आणि ती बहुधा एखाद्या ग्रहासारख्या न दिसणाऱ्या सोबत्यामुळे असावी. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा मोजमापांवर आधारलेला हा अगदी सुरुवातीचा दावा. तो टिकला नाही. जेकब १८६२ मध्ये पुण्याजवळच्या डोंगरावर नवी वेधशाळा थाटायला इंग्लंडहून परत आला आणि पुण्यात पोचताच वारला.

दुसरी गोष्ट पीटर व्हान दे काम्प यांची. त्यांनी १९६३ मध्ये बर्नार्डच्या ताऱ्याभोवती ग्रह असल्याचं सांगितलं. फोटोंच्या काचा त्यांनी वर्षानुवर्षं जपून मोजल्या होत्या. नंतर लक्षात आलं की दुर्बिणीच्या भिंगाच्या दुरुस्त्या झाल्या त्याच वेळी तारा "हललेला" दिसत होता, आणि त्याच दुर्बिणीतून इतर तारेही तसेच हलत होते. गंमत म्हणजे २०२४ मध्ये बर्नार्डच्या ताऱ्याभोवती खरोखरच ग्रह सापडला, पण तो वेगळाच, पृथ्वीहूनही हलका. मुलं विचारतात, "मग ते बरोबर होते ना?" या प्रश्नावर लगेच उत्तर देऊ नका. उत्तर बरोबर आणि पुरावा चूक, असं होऊ शकतं का, यावर त्यांना भांडू द्या.

वर्गात चूक मुद्दाम पेरायची असेल तर अशी पेरा. पडद्यामागचा प्रयोग पुन्हा लावा, पण या खेपेला एका गटासाठी मोटर बंद ठेवून फक्त एकदा पुठ्ठा आडवा न्या. दुसऱ्या गटात दोन वेगवेगळ्या आकारांचे गोळे आलटूनपालटून. तिसऱ्यात खरा ग्रह. कोणाकडे ग्रह आहे हे गटांनी ठरवायचं. एक खड्डा म्हणजे शंका, दोन खड्डे म्हणजे कालावधी, आणि तिसरा खड्डा सांगितलेल्या वेळी पडला तर बोलायला जागा, हा नियम फळ्यावर लिहून ठेवा. केप्लरच्या चमूनंही निदान तीन अधिक्रमणांची अट धरली होती. खरे खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यावरच्या डागांना आणि एकमेकांना झाकणाऱ्या जोडताऱ्यांना फसतात, आपल्या वर्गानं पुठ्ठ्याला फसायला काय हरकत आहे? मागे एकदा नेमकी त्याच वेळी वीज गेली आणि एका गटानं "तारा विझला" अशी नोंद केली. ती नोंद मी खोडली नाही. निरीक्षण बरोबर होतं.

गृहपाठ म्हणून वर्तमानपत्रातली "दुसरी पृथ्वी सापडली" छापाची एखादी बातमी द्या आणि वहीत तीन रकाने आखायला सांगा: मोजलं काय, हिशेबानं काढलं काय, आणि कल्पनेनं रंगवलं काय. कालावधी आणि खड्ड्याची खोली पहिल्या रकान्यात जाते. त्रिज्या आणि अंतर दुसऱ्या. समुद्र, ढग, निळं आकाश हे बहुतेक वेळा तिसऱ्या रकान्यात जातं. हा गृहपाठ तपासायला वेळ लागतो, पण शिकवण्याचा खरा कस तिथे लागतो. ज्या मुलांना पुढे जायचं आहे त्यांना प्लॅनेट हंटर्स टेस हा लोकविज्ञान प्रकल्प दाखवा. त्यात टेस उपग्रहानं मोजलेले खरे आलेख बघून खड्डे शोधायचे असतात. इंग्रजी जुजबी आलं तरी भागतं, आणि सामान्य लोकांनी अशा आलेखांतून शोधलेले ग्रह यादीत आहेत.

आणि मराठी मुलांना सांगायलाच हवी अशी एक गोष्ट. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघानं प्रत्येक देशाला एक तारा आणि एक ग्रह नाव ठेवायला दिला. भारताच्या वाट्याच्या ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधरी यांच्यावरून बिभा हे नाव मिळालं आणि ग्रहाला संतमस. संतमस हे नाव सुचवलं होतं पुण्यातल्या एका शाळकरी मुलानं.

शेवटचा तास रात्री घ्या. दिवाळीच्या सुमारास रात्री नऊच्या आसपास भाद्रपदांचा चौकोन जवळजवळ डोक्यावर येतो. त्यातल्या पूर्वा भाद्रपदाच्या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ मनात ओढा. तिच्या मध्याजवळ, किंचित पश्चिमेला एक मंद तारा आहे, तोच ५१ पेगासी. गावाबाहेर अंधार असेल तर तीक्ष्ण नजरेला दिसतो, शहरात साधी द्विनेत्री लागते. मुलांना दिसेल तो फक्त एक ठिपका, आणि त्यांनी वहीत तेवढंच लिहावं. दिवाळीच्या चार दिवसांत तिथल्या ग्रहाचं जवळजवळ एक वर्ष सरतं.